झाकण उघडं ठेवून

"पोरीला त्या खोलीत स्टुलावर उभं करत जाऊ नकोस," असं सासूबाईंनी एकदा सांगितलं होतं. सूनबाईने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

यात सूनबाईचा दोष काढायचा तर खुशाल काढा, पण आधी सासूबाईंच्या सूचनांचा मारा सोसून बघा. पोरीला पंख्याखाली निजवू नको. पोरीला असं पंख्याशिवाय उकडत ठेवू नको. मोजे घाल, मोजे काढ, खिडकी लाव, एवढी खिडकी कशाला लावलीस. यातून नेमकी कोणती सूचना गाठीला बांधायची हे कळायला माणूस ज्योतिषीच हवा. शिवाय सूनबाई काही बेफिकीर बाई नव्हती. घरातल्या प्रत्येक सॉकेटला तिने प्लास्टिकचं बूच लावलं होतं, टेबलाच्या कोपऱ्यांना फोम चिकटवला होता, द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ते पोरीच्या हाती जात नसे. पोर झोपली की ही तिच्या नाकापुढे बोट धरून बघायची. नवरा म्हणायचा, अगं, ती श्वास घ्यायला विसरणार नाही, तू घे जरा. पोरीच्या बाबतीत सूनबाईची स्वतःची भीतीच इतकी होती, की दुसऱ्याकडून उसनी घ्यायची गरज पडत नसे.

पोरीला सगळे मुंगी म्हणत. गोड पदार्थ कपाटात कुठेही लपवा, ही तिथे पोचलेली.

आणि ती खोली म्हणजे सासऱ्यांची खोली. तळमजल्यावर, पूर्वी जिथे गाडी उभी राहायची तिथे, शटरच्या आत. सासरे जन्मभर एका कंपनीत मेकॅनिक होते, घरोघरी जाऊन धुलाईची मशीन दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, हे मशीनला लागले. कुठे जुनं हॉटेल मोडीत निघतंय, कुठल्या बंगल्याचा माळा रिकामा होतोय, याचा त्यांना वास यायचा. खोलीत पाय टाकला की वाटायचं, आपल्या आजीच्या तरुणपणात शिरलो. गोल खांद्यांचा, जाड दांडीचा फ्रिज. दोन्ही बाजूंनी दार उघडणारा टोस्टर. बोट सहज आत जाईल इतक्या रुंद जाळीचा टेबलफॅन. दोरीसारख्या सुती वायरची इस्त्री. पायाने ढकलायचा, बॉम्बगोळ्यासारखा दिसणारा व्हॅक्युम क्लीनर. आणि मधोमध, मानाच्या जागी, वरून झाकण उघडणारी पांढरीशुभ्र ऑटोमॅटिक मशीन, ओळीने, जणू वऱ्हाडी मंडळी फोटोला उभी आहेत.

दर रविवारी तिथे मैफल बसायची. लोक सिनेमा बघतात, मॅच बघतात. ही मंडळी धुणं बघायची. खुर्च्या मांडून, झाकण उघडं ठेवून, आत कपडे कसे वळतात, मधला दांडा पाणी कसा घुसळतो, फेस कसा चढतो, ते टक लावून बघत राहायचं. मध्येच कुणीतरी म्हणायचं, वा. त्यात मुख्य श्रोते रेडिओकाका. त्यांचं स्वतःचं वेड जुन्या रेडिओंचं, पण मित्रासाठी मशीनलाही दाद द्यायचे. हल्लीची मशीन सासऱ्यांना बघवत नसत. म्हणायचे, दाराला कुलूप लावून धुतात, जणू आत चोरीचा माल आहे. ज्याला लपवायचंय तो झाकण लावतो.

मुंगीला या प्रकाराची गोडी लागली होती. आजोबा तिला स्टुलावर उभं करायचे आणि ती दोन्ही हात काठावर ठेवून, तोंडाचा चंबू करून आत बघायची. आपली गुलाबी चड्डी वर आली की टाळ्या वाजवायची. सूनबाईलाही तेवढा वेळ मोकळा मिळायचा आणि भीती वाटायचं तसं कारण नव्हतं. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. घुसळताना झाकण उघडं असलं तरी चालतं. पण पिळायच्या वेळी, टब गरागरा फिरतो तेव्हा, झाकण उघडं असेल तर मशीन हलतच नाही. झाकणाखाली स्विच असतो. त्या काळी इतका विचार केलेला होता, सूनबाई. झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलंही तेच होतं. सूनबाईने ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि ती खोली आपल्या मनातल्या सुरक्षित जागांत टाकली. शिकलेल्या माणसाला छापलेलं दिसलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. तसंही पिळायची वेळ यायची तेव्हा मुंगीच्या जेवणाची वेळ व्हायची. ती पोरीला घेऊन वर जायची आणि खालून फक्त मशीनची घरघर ऐकू यायची.

जाताना जिन्यापाशी सासूबाई दिसायच्या. त्या खोलीत त्या कधी पाऊल टाकत नसत. बाहेरच्या बोळात, मीटरच्या पेटीखाली, भिंतीला टेकून उभ्या. घरघर थांबली की वर यायच्या. सूनबाईला वाटायचं, नवऱ्याच्या छंदावर फुगून उभ्या राहतात, आणि धड आतही येत नाहीत नि धड वरही जात नाहीत.

सासूबाईंचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. फडताळातला वरचा डबा काढायचा तर त्या डाव्या हाताने पळी घेऊन तो पुढे ओढायच्या. केस विंचरायला मान हाताकडे न्यायच्या. हे का, ते घरात सगळ्यांना पाठ होतं. नवरा मुंगीएवढा असताना आई बाथरूममध्ये पडली होती. साबणावरून पाय घसरला.

आणि आणखी एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती, ती म्हणजे घरात पहिलं मशीन कसं आलं. सासरे ती दर दोन-तीन रविवारी सांगायचेच. एका मोठ्या घरातलं मशीन नादुरुस्त झालं, मालकाने टाकून दिलं, यांनी ते हातगाडीवर घालून आणलं आणि उभं केलं. तेव्हाही ते जुनंच होतं, पण अख्खी गल्ली बघायला लोटली होती. बायका दारात, पोरं खिडकीत. सासूबाई तर गालाला हात लावून नुसत्या बघतच राहिल्या. गोष्ट नेहमी एकाच वाक्यावर संपायची: हिचे हात मोकळे केले मी. मग रेडिओकाका म्हणायचे, वहिनी भाग्यवान. आणि वहिनी डाव्या हाताने तोललेला चहाचा ट्रे दारातूनच पुढे करायच्या.

तर एक दिवस सासऱ्यांना नेमकं त्याच जातीचं मशीन मिळालं. एका बंद पडलेल्या वसतिगृहाच्या कोठारात धूळ खात पडलं होतं. ते घरी आलं त्या दिवसापासून सासरे जेवायला बोलवलं तरी खालीच. पत्रा घासला, रंग दिला, बटणांवरची अक्षरं नाजूक ब्रशने पुन्हा काढली. ते तयार झालं तेव्हा त्यांनी चार ओळखीचे लोक बोलावले, आणि सासूबाईंनाही आत यायचा आग्रह केला. तुझंच मशीन आहे गं, म्हणाले. त्या आल्या नाहीत. बोळातूनच बघते म्हणाल्या. त्यावर सासरे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की, बायकांना सोन्याच्या ताटात वाढा, त्या ताटाला ठोका मारून बघतील. मंडळी हसली. नवराही हसला.

उद्घाटनाला घरातल्या चादरी घातल्या. मुंगी स्टुलावर. तिच्या मनगटाला फितीने बांधलेला कापडी ससा, कारण तो हरवला की ती रात्रभर रडायची. सासऱ्यांनी सूनबाईला सांगितलं, तू पलीकडून व्हिडिओ घे, सगळे आले पाहिजेत. तिने फोन धरला. घुसळणं झालं, पाणी गेलं. मुंगीच्या जेवणाची वेळ उलटून चालली होती, पण आज कार्यक्रम होता, आज कोण उठणार. सासऱ्यांनी हात वर केला, थांबा, खरी मजा आता आहे, आणि टायमरची कळ पुढे नेली.

झाकण उघडंच होतं. सूनबाईला वाटलं, आता मशीन हलणार नाही, ते झाकण लावतील. ती हे सगळं फोनच्या पडद्यावर बघत होती. टब फिरायला लागला. आधी सावकाश, एखादी म्हातारी कूस बदलते तसा, मग चादरी भिंतीला चिकटल्या, मग आवाज चढला. मुंगीने आनंदाने ससा पुढे केला, त्यालाही दाखवायला. ससा आत गेला. फीत ताणली गेली आणि पोर पोटावर काठाशी ओढली गेली, तिचा हात कोपरापर्यंत आत.

सूनबाईच्या हातून फोन पडला. मधे मशीन होतं, त्याला वळसा घालून पलीकडे जायचं होतं. खोलीतली माणसं अजून हसतच होती. आणि त्याच क्षणी दिवा गेला, पंखा गेला, मोटरचा सूर खाली खाली आला, आतला ब्रेक करकचून लागला, आणि फीत तुटली. सूनबाई पोहोचली तेव्हा पोर तिच्या अंगावर कोसळली. स्टूल कलंडलं.

अंधारात पहिला आवाज आला तो सासऱ्यांचा. "मेन कुणी घालवला? भर लोडवर? मोटर गेली असती आता."

मेन सासूबाईंनी घालवला होता. मीटरच्या पेटीखाली त्या काही फुगून उभ्या राहत नव्हत्या. दर रविवारी, इतकी वर्षं, त्या मेनच्या खटक्याखाली पहारा देत होत्या.

शटर वर केलं, उजेड आला. मुंगीच्या मनगटाभोवती लाल वळ उठला होता, बांगडी भरल्यासारखा. हात हलत होता, बोटं मिटत होती. सूनबाईने प्रत्येक बोट वेगळं वेगळं वाकवून बघितलं. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटावा इतका सरळ निघाला. तिने विचारलं, झाकण उघडं असताना टब फिरला कसा?

सासऱ्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. "डायरेक्ट केलाय ना स्विच. तारेचा तुकडा टाकला की झालं, मशीनला वाटतं झाकण लागलेलंच आहे. झाकण लावून काय दिसणार? आम्ही सगळे मेकॅनिक असंच करतो."

"सगळ्या मशीनना?"

"मग? बघायला ठेवलीयत ना ती."

सूनबाई पोरीला घेऊन वर आली. गार पाण्याच्या घड्या मनगटावर ठेवता ठेवता तिला कळलं की आपण दात इतके आवळलेत की कानशिलं दुखताहेत. सासूबाई मागोमाग आल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या, उगीच एक धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं. मुंगी ससा मागत होती. सासूबाईंनी तिला साखर दिली, ती गप्प झाली. मग त्या पातेल्याकडे बघतच बोलल्या.

"मी बाथरूममध्ये कधीच पडले नाही."

पुढचं त्यांनी असं सांगितलं, जसं कुणी दुसऱ्याच्या घरातलं सांगावं. ते पहिलं मशीन. गल्लीला दाखवायचं म्हणून यांनी झाकणाचा स्विच डायरेक्ट केला. गल्लीचं बघून झालं, तार तशीच राहिली. त्यांना कुणी सांगितलं नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की पिळताना झाकण उघडलं की मशीन थांबतं, तसं यांनीच शिकवलं होतं. एक दिवस पोराचा मोजा काठाशी अडकलेला दिसला. झाकण उघडलं, हात घातला. थांबलं नाही. आधी मोजा गेला, मग बाही गेली, मग हात. खांदा जागेवरून निघाला तो आवाज त्यांना अजून येतो, कोंबडीची तंगडी मोडल्यासारखा. दवाखान्यात जाताना हे म्हणाले, बाथरूममध्ये पडलीस म्हण. मेकॅनिकच्या घरी मेकॅनिकनेच बिघडवलेलं मशीन, कंपनीला कळलं तर नोकरी जाईल. पोर लहान होतं. त्या तसंच म्हणाल्या. मग सासरच्यांना तेच सांगितलं, माहेरी तेच सांगितलं.

"आणि आता?" सूनबाईने विचारलं. "आता तर नोकरी नाही."

"आता त्यांना तसंच आठवतं," सासूबाई म्हणाल्या. "ते खोटं बोलत नाहीत गं. त्यांना खरंच वाटतं मी साबणावरून पडले. मी कधी चुकून साबण खाली ठेवला तर रागावतात. म्हणतात, एकदा पडलीस ते पुरे नाही का."

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिला आधी रागावायचं होतं ते सासूबाईंवर. एवढं सगळं पोटात ठेवून नुसतं स्टुलावर उभं करू नकोस म्हणून सांगता? कारण का नाही सांगितलंत? हे ती बोललीही. सासूबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे वळून बघितलं. म्हणाल्या, कारण न सांगता सांगितलं तर तू ऐकलं नाहीस. कारण सांगितलं असतं तर यांना विचारायला गेली असतीस, आणि यांनी हसून सांगितलं असतं, ती बाथरूममध्ये पडली होती. मग तू कुणाचं खरं धरलं असतंस? मी बाई, मला बोलायला जमत नाही. खटका खाली ओढायला जमतो.

सूनबाईने मुंगीला सासूबाईंच्या मांडीवर दिलं आणि खाली निघाली.

आता खरा राग तिला आला तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. आत चहा चालला होता, आणि आत एक गोष्ट तयार होत होती. तिने ती कानांनी ऐकली. एकजण म्हणत होता, पोरांचं असंच, स्टुलावरून पडतातच. रेडिओकाका म्हणत होते, वहिनी घाबरल्या हो, दिवे घालवले, त्या अंधारात पोर दचकली आणि स्टूल कलंडलं. सासरे म्हणत होते, लागलं नाही ते नशीब, स्टुलाचे पाय नीट करून घ्यायला हवेत. आणि तिचा नवरा, मुंगीचा बाप, जो त्याच खोलीत उभा होता, तो म्हणाला, हो, स्टूलच जुनं आहे. वरचा गार पाण्याचा कपडा अजून सुकला नव्हता आणि इकडे स्टुलाचे पाय मोडके झाले होते, दिवे घालवणारी बाई दोषी ठरली होती, आणि मशीन चकाचक निर्दोष सुटलं होतं. कुणी कट केला नव्हता. कुणाच्या मनात पाप नव्हतं. चहाबरोबर बिस्किट खावं तशी ती गोष्ट सगळे मिळून खात होते. अशीच, अगदी अशीच, एक बाई बाथरूममध्ये पडली असणार.

ती आत गेली. फोन जमिनीवर होता तिथेच होता, काच तडकलेली, पण चालू. तिने व्हिडिओ लावला आणि मशीनच्या पांढऱ्या पत्र्यावर सगळ्यांना दिसेल असा टेकवून ठेवला. पडद्यावर उजेड होता. पडद्यावर सासऱ्यांचा आवाज होता, थांबा, खरी मजा आता आहे. टब फिरला, ससा गेला, पोर ओढली गेली, आणि ते सगळं झाल्यावर मग अंधार. आधी नाही.

नवरा पडद्याकडे बघत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत होता. त्याने स्वतःला हसताना पाहिलं होतं.

सासरे मात्र मेकॅनिक होते. ते म्हणाले, हे बघ सूनबाई, मशीनचा यात दोष नाही, फीत बांधायला नको होती. आणि तुला मशीनचं काय कळतं? तुझ्या सासूला विचार, इतकी वर्षं वापरलीयत तिने, काही झालं का?

"झालं," दारातून आवाज आला.

सासूबाई मुंगीला डाव्या कडेवर घेऊन उंबऱ्यावर उभ्या होत्या. आत त्या आताही आल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही, मित्रांकडे बघितलं नाही, मुलाकडे बघितलं.

"तुझा मोजा काढायला हात घातला होता. निळा होता, टाचेला भोक पडलेला. साबण नव्हताच तिथे."

सासरे हसले. खरंच हसले, लहान मुलाने चुकीचं उत्तर दिल्यावर मास्तर हसतो तसे. अगं, काहीतरीच काय, म्हणाले, बाथरूममध्ये पडलीस तू, मीच उचललं ना तुला. आणि मग त्यांचं हसू तोंडावरच राहिलं, कुठे ठेवावं ते सुचेना म्हणून राहिलेल्या वस्तूसारखं. पण कबुली म्हणाल तर ती नाहीच दिली. आजतागायत नाही दिली. म्हणाले, आता एवढ्या वर्षांनी या गोष्टी काढून काय मिळणार आहे?

सूनबाई म्हणाली, तारा काढा. सगळ्या मशीनमधल्या. आत्ता. ते म्हणाले, बघू, उद्या बसतो. नवरा म्हणाला, अगं, त्यांना जरा सावरू दे. "सावरू दे," सूनबाई म्हणाली, "आईंचा खांदा सावरायची वाट तू लहानपणापासून बघतोयस." आणि तिने भिंतीवर टांगलेली पक्कड काढली. आतली तार कुठे असते ते तिला माहीत नव्हतं, मशीन उघडायचं कसं तेही माहीत नव्हतं. प्लग मात्र सगळ्यांना बाहेरच असतात, आणि मेन अजून बंदच होता. तिने पहिल्या मशीनचा प्लग कापला. सासरे ओरडले, पक्कड ठेव, त्या वायरी आता मिळत नाहीत. तिने दुसऱ्याचा कापला. जाडजूड जुनी वायर, दोन्ही हातांनी दाबावी लागत होती. हात दुखले तशी ती आणखी जोराने दाबत गेली. टेबलफॅनचा कापला, इस्त्रीचा कापला, त्यांनी तिचं काही वाकडं केलं नव्हतं तरी कापला. फ्रिजचा कापला आणि मग त्याच्या दाराकडे नीट बघितलं. दांडी फक्त बाहेरून. आतून उघडायला काहीच नाही, आणि आत मुंगीसारखं पोर सहज मावेल. ती नवऱ्याला म्हणाली, हे दार बिजागरीतून काढ. या वेळी तो काही न बोलता स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उठला.

याच सुमारास रेडिओकाका खुर्चीवरून उभे राहिले. त्यांचा रंग उडाला होता. त्यांनी मित्राला विचारलं, माझ्या लेकीला जे दिलंस तू, लग्नात, ते पण डायरेक्ट आहे का? सासरे म्हणाले, असेल, आठवत नाही. "आठव," रेडिओकाका म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता पायात चुकीच्या चपला घालून बाहेर पडले, चालता चालता फोन लावत.

तेव्हा सूनबाईच्या लक्षात आलं की प्रकरण या शटरच्या आत मावणारं नाही. हा माणूस जन्मभर घरोघरी गेला होता. निवृत्त झाल्यावरही त्याने मशीन उभी केली आणि हौसेने वाटली होती, कुणाला लग्नात, कुणाला वास्तुशांतीला, कुणाला नुसतं कौतुक केलं म्हणून. आणि प्रत्येक ठिकाणी झाकण उघडून दाखवलं असणार, कसं फिरतंय बघा.

तेव्हापासून ती फोन करतेय. लोक हसतात. म्हणतात, अहो, उत्तम चालतंय, काका देवमाणूस आहेत. ती म्हणते, देवमाणूस असतील, पण पिळताना झाकण उघडून बघा, हात लांब ठेवून, आणि मला सांगा थांबतंय का. मग ते फोन बाजूला ठेवून बघायला जातात. रेडिओकाकांच्या लेकीचं थांबत नव्हतं. तिने ते आता गच्चीत नेऊन त्यात माती भरलीय. नवरा सुट्टीच्या दिवशी मशीन उघडून तारा काढून देतो, बापाने शिकवलेलं तेवढं त्याला येतं. सासरे खाली बसून असतात. आल्यागेल्याला सांगतात की सुनेने माझ्या वस्तूंचा सत्यानाश केला. सासूबाई ते ऐकतात आणि आता मधेच, भाजी चिरता चिरता, शांतपणे सांगतात, मोजा निळा होता.

एक घर मात्र सापडलेलं नाही. शिवणकाम करणाऱ्या एक बाई, एकट्या राहणाऱ्या, बोलायला मोजक्या. सासऱ्यांची पँट त्या उसवून नीट करून द्यायच्या, म्हणून सासऱ्यांनी त्यांना एक धुलाईचं मशीन दिलं, फिकट हिरव्या रंगाचं, पुढे गोल घड्याळासारखी कळ असलेलं. मग बाईंनी घर बदललं. जुना फोन लागत नाही. शेजारी म्हणाले, कुठल्याशा इमारतीत वरच्या मजल्यावर गेल्या. सूनबाई विचारत फिरतेय, आणि तुम्हालाही विचारतेय. तुमच्या इमारतीत वर अशा कुणी बाई राहायला आल्या असतील, दारावर शिवणकामाची पाटी असेल, आणि दुपारी वरून टब फिरल्याची घरघर येत असेल, तर हे वाचून झाल्यावर, नव्हे, हे बाजूला ठेवून, जिना चढून जा. बेल वाजवा. दार उघडायला वेळ लागला तरी थांबा. आणि त्यांनी दार कोणत्या हाताने उघडलं, तेवढं बघून मला कळवा.